ट्राम-ट्रेन

ट्राम-ट्रेन : शहरात रस्त्यावरच्या ट्रामच्या रुळांवरून आणि शहराबाहेर नेहमीच्या रेल्वेमार्गावरून धावणारी हलकी विजेची गाडी. मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या ज्या रुळांवरून जातात त्याच रुळांवरून ती खेड्यापाड्यांतले प्रवासी उचलते आणि शहरात शिरताना रेल्वेमार्ग सोडून बाजारपेठेच्या रस्त्याला लागते. प्रवाशाला जागेवरून उठावे लागत नाही. बेळगाव किंवा सीमाभागातील अन्य जिल्ह्यांत अशी सेवा नाही. पण ती ज्या अडचणीतून जन्मली, ती अडचण इथल्या प्रवाशाला चांगली ठाऊक आहे.

ही अडचण म्हणजे गाडी बदलणे. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येऊन मिळत. १९९०च्या दशकात मिरज–लोंढा मार्गाचे रुंदीकरण होईपर्यंत बेळगावहून मीटरगेजने निघालेल्या माणसाला पुण्या-मुंबईसाठी मिरजेला सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढावे लागे. गेज एक झाले, तरी शेवटच्या टप्प्यातले बदलणे राहिलेच. चिकोडी रोड आणि गोकाक रोड ही स्थानके आपापल्या गावांपासून काही मैल दूर आहेत. उतरल्यावर बस किंवा वडाप शोधावे लागते. कमी अंतराच्या प्रवासात या शोधाशोधीचा वेळ प्रत्यक्ष प्रवासाइतका होतो, आणि मग माणूस रेल्वेचा नाद सोडून मोटारसायकलला किक मारतो.

जर्मनीतील कार्ल्सरूह शहरात नेमके हेच घडत होते. तिथले मुख्य स्थानक १९१३ साली शहराच्या मध्यापासून सुमारे दोन किलोमीटर दक्षिणेला हलवले गेले. आसपासच्या गावांतून आगगाडीने येणारे लोक स्थानकावर उतरून ट्राम धरत. स्थानिक वाहतूक संस्थेचे प्रमुख डीटर लुडविग यांनी ट्रामच रेल्वेच्या रुळांवर नेण्याचा आग्रह धरला. २५ सप्टेंबर १९९२ रोजी कार्ल्सरूह ते ब्रेटेन ही सेवा सुरू झाली आणि काही वर्षांत त्या मार्गावरची प्रवासीसंख्या कित्येक पटींनी वाढली. वेगापेक्षा तीन गोष्टींनी हे साधले : बाजारपेठेपर्यंत थेट गाडी, गावागावांत नवे छोटे थांबे आणि वेळापत्रक न पाहता घराबाहेर पडता येईल इतक्या फेऱ्या. पुढे हे जाळे हाइलब्रॉनपर्यंत गेले. गाड्या इतक्या वाढल्या की मुख्य बाजाररस्त्यावर ट्रामची रांग लागू लागली, आणि शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये त्या रस्त्याखाली बोगदा सुरू करावा लागला.

ऐकायला हे सोपे वाटते, पण कार्ल्सरूहची ट्राम आणि आगगाडी यांच्यात फक्त दोन रुळांमधले अंतर समान होते. पहिला फरक विजेचा. कार्ल्सरूहच्या ट्रामला ७५० व्होल्ट एकदिश प्रवाह (डीसी) लागतो, तर जर्मन रेल्वेच्या तारेत १५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) असतो. म्हणून गाडीत रोहित्र आणि दोन्ही प्रवाहांवर चालणारी यंत्रणा बसवली गेली. दोन तारांच्या मध्ये वीज नसलेला छोटा तुकडा ठेवतात. गाडी मिळालेल्या वेगावर तो ओलांडते आणि पलीकडे पोचेपर्यंत आतली जोडणी आपोआप बदललेली असते.

खरी कसोटी चाकाची. रस्त्यात बसवलेल्या ट्रामच्या रुळाला एक अरुंद, उथळ खाच असते आणि तिच्यात चाकाची कड फिरते. ही कड बारीक आणि बुटकी ठेवावी लागते, नाहीतर ती खाचेच्या तळाला घासते. रेल्वेच्या चाकाची कड मात्र जाड आणि उंच असते. रेल्वेच्या सांध्यांवर, म्हणजे जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे, रुळात फट असते. चाक त्या फटीत चुकीच्या बाजूला जाऊ नये म्हणून समोरच्या रुळालगत एक रक्षक रूळ बसवतात; तो चाकाला आतल्या बाजूने धरून ठेवतो. ट्रामचे बुटके चाक त्या रक्षक रुळाच्या पकडीत नीट येत नाही. यावर दोनच उपाय आहेत : चाकाचा आकार असा घडवायचा की त्याचा खालचा भाग खाचेत मावेल आणि वरचा भाग रक्षक रुळाला टेकेल, किंवा सांध्यांवरचे रक्षक रूळ उंच करायचे. मिलिमीटरांच्या या हिशेबावर सगळी योजना उभी असते. वर्तमानपत्रांतल्या चकचकीत चित्रांत तो कधीच दिसत नाही.

दुसरा मोठा प्रश्न टक्करीचा. मालगाडी किंवा एक्स्प्रेस आदळली तर हलक्या ट्रामचा चुराडा होईल, ही शंका रास्त आहे. कार्ल्सरूहच्या गाडीचा सांगाडा ६०० किलोन्यूटन दाब सोसतो. युरोपात नेहमीच्या प्रवासी डब्यांसाठी १५०० किलोन्यूटनचा दंडक आहे. ही तूट ब्रेकने भरून काढतात. ट्रामला रुळावर थेट चिकटणारे चुंबकीय ब्रेक असतात. ताशी ७० किलोमीटरने धावणारी ट्राम शंभर मीटरच्या आत थांबू शकते. आगगाडीला हे जमत नाही. शिवाय सिग्नल ओलांडताच गाडी थांबवणारी यंत्रणा सक्तीची केली जाते. टक्कर सोसण्यापेक्षा ती होऊ न देण्यावर भर, हा विचार जर्मन अधिकाऱ्यांनी मान्य केला, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले. हलकी गाडी गंजलेल्या रुळावर असली की मार्गावर गाडी आहे हे ओळखणाऱ्या रुळातल्या विद्युत्-मंडलाला ती कधी कधी जाणवत नाही, म्हणून अशा मार्गांवर चाके मोजणारे आसगणक बसवणे श्रेयस्कर ठरते.

कार्ल्सरूहचे अनुकरण प्रत्येकाने आपल्या गरजेनुसार केले. जर्मनीतच नॉर्डहाउझेनमध्ये २००४ पासून ट्राम मीटरगेजच्या डोंगरी रेल्वेवर जाते. तिथे तार नाही, म्हणून गाडीत डिझेल इंजिन आहे, आणि त्याच रुळांवरून वाफेच्या गाड्याही धावतात. त्स्विकाउ या दुसऱ्या जर्मन शहराने उलटे केले : डिझेल आगगाडीच शहरात आणली, आणि ट्रामचे रूळ मीटरगेजचे असल्याने शेजारी तिसरा रूळ टाकला. हंगेरीत सेगेद ते होदमेझोवाशारहेय मार्गावर २०२१ पासून वीज आणि डिझेल दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आहेत. अमेरिकेत न्यू जर्सीतील कॅम्डेन–ट्रेंटन मार्गावर दिवसा प्रवासी आणि रात्री मालगाड्या अशी वेळेची वाटणी केली आहे. सीमाभागातल्या वाचकाला विशेष वाटावे असे उदाहरण सारब्रुकेनचे. १९९७ पासून तिथली ट्राम जर्मनीची हद्द ओलांडून फ्रान्समधील सार्गमीन गावात जाते. सार्गमीनचा हा मुलूख १८७१ ते १९१८ जर्मनीकडे होता, त्यावरून युद्धे झाली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद तापला, तेव्हा महाराष्ट्र एसटीने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या काही काळ थांबवल्या होत्या. दोन सरकारांनी ठरवले, तर रोजच्या प्रवाशाला हद्द आडवी येत नाही.

खर्चाबाबत मात्र इंग्लंडमधील शेफील्ड–रॉदरहॅमचा अनुभव लक्षात ठेवावा. अंदाजे १.८७ कोटी पौंडांत होणारी ही प्रायोगिक सेवा ७.५ कोटींवर गेली आणि बऱ्याच विलंबाने २५ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाली. जुन्या रेल्वेवर नवी वाहतूक बसवताना काय काय निघेल, याचा अंदाज आधी आला नव्हता.

भारतात असा प्रयोग झालेला नाही. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, पण ती अडचण नव्हे. स्पेनमधील काडिझच्या उपसागराकाठी ऑक्टोबर २०२२ पासून १६६८ मिलिमीटर गेजवर ट्राम-ट्रेन धावते. अडचणी निराळ्या आहेत. भारतीय डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद असतो आणि ट्राम सहसा २.६५ मीटर, म्हणजे फलाट आणि पायरी यांत फूटभर फट राहील. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. आणि हलक्या गाडीला मालगाडीसोबत धावू द्यायचे, तर रेल्वे सुरक्षेचे नियमच नव्याने लिहावे लागतील.

बेळगावात तर रेल्वे शहराबाहेर नाहीच. मिरज–लोंढा मार्ग टिळकवाडीतून जातो आणि पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट हे तिथले नेहमीचे पत्ते आहेत. गेट पडले की दुचाकी दोन्ही बाजूंनी पूर्ण रस्ता अडवून दांड्यापर्यंत येतात. गेट उघडते तेव्हा दोन्हीकडची वाहने समोरासमोर आलेली असतात आणि मधून रिक्षालाही वाट मिळत नाही. कपिलेश्वर मंदिराजवळ आणि तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाल्याने भार हलका झाला आहे. पण दर पंधरा मिनिटांनी हलकी गाडी सोडली, तर उरलेली गेट दिवसभर पडलेलीच दिसतील. रस्त्यावर ट्राम चौकातल्या सिग्नलला थांबते. रेल्वेमार्गावर मात्र रस्त्यालाच थांबावे लागते. हा फरक न ओळखता बेळगावला ट्रामचे स्वप्न दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

घेण्याजोगे आहे ते कार्ल्सरूहचे अर्धे तंत्र : जवळजवळ थांबे आणि भरपूर फेऱ्या. खानापूर, इदलहोंड, देसूरकडून रोज कामाला, कॉलेजला, दवाखान्यात येणाऱ्यांसाठी बेळगावमार्गे सांबरे, सुळेभावीपर्यंत मेमू (कमी अंतराची विजेची लोकल) गाडी चालवता येईल. त्यासाठी नवे चाक, नवा विद्युत्‌दाब किंवा नवा कायदा लागत नाही. लागतात ते मेल-एक्स्प्रेसच्या मधून मोकळे मिळणारे रूळ, टिळकवाडी आणि उद्यमबागजवळ छोटे फलाट, आणि उरलेल्या गेटांवर पूल किंवा भुयारी रस्ते.