खारपाणपट्ट्यातली गाडी आणि तिचं पाणी

टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला आणि अचानक खाली आला. मे महिना, दुपारचे दोन, दर्यापूरहून अकोल्याला जाणारा रस्ता, मागच्या सीटवर आई. मला हायसं वाटलं आणि मी गाडी आणखी दोन किलोमीटर तशीच दामटली. तेवढ्यात इंजिनाचं हेड, म्हणजे त्याचा वरचा धातूचा भाग, वाकलं.

काटा खाली आला होता, कारण पाणीच उरलं नव्हतं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उतरलं की तो रिकाम्या जागेत, हवेत आणि वाफेत लटकतो. तिथून त्याला उष्णता नीट पोचत नाही, आणि इंजिन आतून भाजत असताना काटा मात्र ‘सगळं ठीक’ म्हणतो. रेडिएटरजवळचा रबरी पाइप फाटला होता. तापलेला काटा कारणाशिवाय पडला, तर गाडी त्याच क्षणी बंद करायची, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ही सेदान बाबांनी २००५ साली घेतली. १६०० सीसीचं पेट्रोल इंजिन, जवळपास १०० हॉर्सपॉवर. घरची पाच माणसं आणि डिक्कीत तुरीचं पोतं असूनही तिसऱ्या गिअरमध्ये ती ट्रकला मागे टाकते. १५ वर्षं भरल्यावर नोंदणीचं ५ वर्षांसाठी नूतनीकरण केलं. लोक म्हणतात, आता काढून टाका. मला मात्र ती चालवायची आहे, आणि म्हणूनच तिच्या पाण्याकडे इतकं लक्ष द्यावं लागतं.

पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवायच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बहुतांश इंजिनाच्या पाण्यात उतरतो. १०० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७५ किलोवॅट. म्हणजे पूर्ण ताकदीनं पळताना जवळपास तेवढीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. घरातला गीझर २ किलोवॅटचा धरला, तर पस्तीसेक गीझर एकदम चालू! रोजच्या चालवण्यात हा आकडा बराच कमी असतो, पण जोरकस इंजिनाला थंड ठेवणं किती मोठं काम आहे ते यावरून कळावं.

आता ही उष्णता बाहेर टाकायची हवेत. रेडिएटर किती उष्णता टाकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर असेल आणि जानेवारीतल्या पहाटे हवा १० अंशांवर, तर फरक ८५ अंशांचा. नवतपात हवा ४५ अंशांवर गेली की फरक उरतो ५० अंशांचा. तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच वेग, पण क्षमता जानेवारीच्या साठ टक्क्यांवर. गाडी नवी असताना कंपनीनं ठेवलेली शिल्लक ही तूट भरून काढते. वीस वर्षांनी ती शिल्लक आपणच खाऊन टाकलेली असते, आणि आमच्याकडे ती खाल्ली बोरच्या पाण्यानं.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यात मीठ असतं आणि चुनाही. मिठातलं क्लोराइड अ‍ॅल्युमिनिअमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर जागोजागी फोडतं, मग तिथं बारीक खड्डे पडत जातात. चुना असतो कॅल्शिअम बायकार्बोनेटच्या रूपात, पाण्यात विरघळलेला. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शिअम कार्बोनेट मागे राहतं. चहाच्या पातेल्याला आतून पांढरी खरबरीत खपली धरते ना, तीच ही. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलट आहे. म्हणून चुना नेमका सगळ्यात तापलेल्या जागी, हेडमधल्या जळणाच्या जागेभोवती बसतो. अ‍ॅल्युमिनिअमच्या तुलनेत हा चुना उष्णता वाहून नेण्यात सुमारे शंभर पटींनी कमी पडतो. एक मिलिमीटरची खपली म्हणजे धातूची भिंत दहा सेंटिमीटर जाड केल्यासारखं.

मिस्त्रींनी हेड उतरवून उन्हात धरलं आणि पाण्याच्या वाटांत बोट घातलं. बोटाला पिठासारखं पांढरं लागलं. “सर, बोरचं पानी टाकू नोका म्हनलं होतं. पाहा, चुना बसते नं!” ते खरंच म्हणाले होते. बाबा दर प्रवासाआधी कॅन भरून ठेवत आणि रेडिएटर प्रेमानं काठोकाठ भरत.

मग हेडवर पोलादी पट्टी उभी ठेवून त्यांनी खालून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पाती, सरकवली. हेडचा वाक साधारण पाच शतांश मिलिमीटरच्या आत हवा. आमच्या हेडखाली दोन दशांशाची पाती सहज आरपार गेली. हेड अ‍ॅल्युमिनिअमचं, खालचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, ओतीव लोखंडाचा. तापमान १०० अंशांनी वाढलं, तर ४० सेंटिमीटर लांबीचं हेड जवळजवळ एक मिलिमीटर वाढतं, ब्लॉक त्याच्या निम्माच. मधली गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पातळ थर, हा फरक रोज सोसते. हेड प्रमाणाबाहेर तापलं की नट-बोल्टांत जखडलेलं ते वाढायला जागा न मिळून वाकतं. मग फेसिंग (हेड घासून पुन्हा सपाट करणं), नवी गॅस्केट आणि आठ दिवस गॅरेजमध्ये मुक्काम.

एक सल्ला जवळपास प्रत्येक गॅरेजात मिळतो, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापायचीच नाही. हे करू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप. त्यात मेणाची कुपी असते. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं आणि झडप उघडतं. ना वीज, ना वायर, फक्त मेण. झडप नसेल तर थंडीत इंजिन तापतच नाही, जास्त पेट्रोल जातं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. रेडिएटर तुंबलेला असेल तर त्याचा इलाज रेडिएटरमध्येच आहे.

रेडिएटरच्या झाकणाचंही तसंच. ते नुसतं झाकण नाही, दाबाची झडप आहे. आत हवेच्या दाबाहून एक बार जास्त दाब धरला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं, कूलंट (इंजिनाच्या पाण्यात घालायचं द्रव रसायन) मिसळलं तर त्याहूनही वर. झाकणाचं रबर कडक झालं की ही सवलत गेली. आणि तापलेलं झाकण उघडलं तर दाब एकदम सुटतो. सहा लिटर पाण्यातलं पावशेर पाणी जरी क्षणात वाफ झालं, तरी ती साडेतीनशे लिटरच्या वर भरते. तोंड, हात भाजतात ते यानंच. अर्धा तास सावलीत थांबा.

रबरी पाइप सकाळी, इंजिन थंड असताना, दाबून बघा. कुरकुर वाजला किंवा चिरा दिसल्या तर बदला. उष्णतेनं आणि हवेतल्या ऑक्सिजननं रबर आतून कडक होतं, किलोमीटर कमी झाले म्हणून ते तरुण राहत नाही. टायरचंही तेच, त्याच्या बाजूवर लिहिलेले चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा.

हेड बसवल्यावर आम्ही बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा आतून धुतलं, पहिल्या धुण्याचं पाणी ताकासारखं आलं. मग निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं कूलंट. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहतं हे खरं, पण कूलंटमधली गंजविरोधी रसायनं या इंजिनाला जास्त गरजेची आहेत. एक काळजी मात्र घ्या, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं पाणी गोठ्याजवळ, कुत्र्यामांजरांच्या वाटेवर ओतू नका.

या वर्षी नवतपात आईला घेऊन पुन्हा अकोल्याला गेलो. काटा मधोमध होता, जागचा हलला नाही. डिक्कीत आता दोन कॅन आहेत. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर मी लाल रंगानं ‘गाडी’ लिहिलं आहे. बोरच्या पाण्याचा कॅन बाबांनी काढू दिला नाही. त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘हात धुवायला’.