थप्पीचा हिशेब

मराठवाड्यातल्या जुन्या गावांच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जागेत, अजूनही बुजलेली पेवं सापडतात. जमिनीत खोल खणलेला, आतून लिंपलेला, तोंडाशी अरुंद असा हा ज्वारीचा खड्डा. आत किती खंडी माल आहे हे कर्त्या माणसाच्या डोक्यात असायचं आणि शिल्लक किती ते पेव उघडल्यावरच कळायचं. कोंडलेल्या वायूमुळे उघडल्याबरोबर आत उतरणं जिवावर बेतायचं, ते वेगळंच.

घरच्या धान्याला एवढं पुरत होतं. नोंदीची खरी गरज पडली ती परक्याचा माल सांभाळायची वेळ आली तेव्हा. ग्रामीण कर्जपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने १९५४ मध्ये गोदामांची शिफारस केली, १९५६ मध्ये कायदा झाला आणि १९५७ मध्ये केंद्रीय व राज्य वखार महामंडळं उभी राहिली. हैदराबाद राज्यातला मराठवाडा मुंबई राज्यात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. वखारीची पावती बँकेत ठेवून कर्ज काढता येऊ लागलं, म्हणजे नोंदीला पैशाची किंमत आली. बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून चाललेली शेतमाल तारण कर्ज योजनाही गोदामात ठेवलेल्या मालाच्या तारणावरच उभी आहे.

हा कारभार वर्षानुवर्षं थप्पी कार्डावर चालला. प्रत्येक थप्पीला एक कार्ड टांगलेलं, त्यावर तारीख, जमा, जावक, शिल्लक. हमालांनी थप्पी नीट रचलेली असेल तर एका थरातली पोती गुणिले थर, झाला हिशेब. मात्र मधे पोकळी ठेवून रचलेली थप्पी बाहेरून भरलेलीच दिसते, आणि एकाच मालाच्या दोन पावत्या दोन बँकांत गेल्या तर कार्ड काय सांगणार?

संगणक आला तो आधी हिशेबाच्या टेबलावर. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सुरुवात १९८६ ची, पण बऱ्याच ठिकाणी दिवसभर वहीत लिहायचं आणि संध्याकाळी तेच संगणकात उतरवायचं, एवढीच प्रगती होती. बारकोडचं कौतुक फार होतं. १९७४ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा आजच्या पद्धतीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. दुकानात एकेक नग मोजायचा असतो, म्हणून तिथे तो शोभतो. सोयाबीनच्या गोदामात मात्र एकेका कट्ट्याला ओळख देऊन हाती फार काही लागत नाही. तिथे मोजायचा असतो लॉट: कोणाचा, कधी आला, कोणत्या प्रतीचा, कोणत्या थप्पीत.

खरा बदल झाला तो पावतीत. २००७ चा गोदाम विकास व नियमन कायदा, २०१० मध्ये त्याचं प्राधिकरण आणि सप्टेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक पावती. आता ही पावती शेअर्ससारखी रिपॉझिटरीत, म्हणजे पावत्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, खात्यावर राहते आणि तारण ठेवली की तिथेच तसा बोजा चढतो. दोन बँकांची युक्ती तिथे चालत नाही.

तरीही एका गोष्टीशी संगणकाची कुस्ती सुरूच आहे, ती म्हणजे ओलावा. लातूर, धाराशिवचं सोयाबीन काढणीलाच पावसात सापडलं की ओलंच येतं. हमीभावाच्या खरेदीला नेहमी १२ टक्के ओलावा चालतो. २०२४ च्या हंगामात ही मर्यादा १५ टक्के करावी लागली. समजा १०० क्विंटल माल १४ टक्के ओलाव्याचा आत आला आणि सुकून १० टक्क्यांवर गेला. त्यातला कोरडा भाग ८६ क्विंटलच राहतो, पण वजन भरतं सुमारे ९५.६ क्विंटल. एक दाणाही चोरीला गेलेला नसताना पडद्यावर जवळपास साडेचार क्विंटलची तूट लाल अक्षरांत उमटते.

वहीच्या काळात जुना गोदामपाल ही घट अंदाजाने लिहून मोकळा व्हायचा. त्या अंदाजात कुणाचं भलं व्हायचं ते त्यालाच माहीत. आज आवकेच्या वेळचा ओलावा मशीनवर मोजून वजनासोबतच नोंदवला असेल, तरच घट आणि चोरी वेगळी काढता येते. पण काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि घाईत तोच रकाना कोरा राहतो.