स्वस्त संगणक, ग्रामीण भागांसाठीचे

विकसनशील देशांतील ग्रामीण कुटुंबांना, शाळांना व गावसंस्थांना परवडावा म्हणून मुद्दाम कमी किमतीत घडवलेला संगणक. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अशी अनेक यंत्रे तयार झाली. त्यांचे कौतुक भरपूर झाले, गिऱ्हाइके मात्र थोडीच मिळाली. या अपयशाचे खापर सहसा किमतीवर फोडले जाते. पण किंमत खाली आणणे हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग होता.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांच्या सिम्प्युटरचा नमुना २००१ मध्ये पुढे आला. हातात मावणारे हे यंत्र लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर चाले, भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवी, आणि प्रत्येकाचे वेगळे स्मार्ट कार्ड असल्याने एकच यंत्र अनेकांना वापरता येई. ते बाजारात यायला २००४ उजाडले. अपेक्षा ५०,००० नगांची होती, खपले सुमारे ४,०००. मधल्या काळात मोबाइल फोन स्वस्त झाला होता. सामायिक वापराची कल्पना तर सुंदरच. पण सगळ्यांच्या यंत्राची दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न अशा प्रत्येक योजनेत लोंबकळत राहतो.

खरेदीची रक्कम हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. वीज, इंटरनेटची जोडणी, सुटे भाग, शिकवणारा माणूस हे सारे नंतर येते, आणि गाव जितके आडबाजूला तितके ते महाग पडते. लाओसमधल्या झाय संगणकासाठी तर पेडल मारून वीज तयार करण्याची योजना होती. दुकानदाराचेही गणित असते. कमी किमतीच्या मालात त्याला सुटणारे पैसे थोडे, तक्रारी मात्र नेहमीएवढ्याच. त्यामुळे तो असा माल ठेवायला नाखूश असतो. शिवाय लाखोंची मागणी आल्याशिवाय किंमत उतरत नाही, आणि किंमत उतरल्याशिवाय मागणी येत नाही.

या पेचातून सुटण्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टी यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) या प्रकल्पाने थेट सरकारांनाच गिऱ्हाईक मानले. २००५ मध्ये १०० डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू होताना १८८ डॉलरच्या आसपास गेला. राष्ट्रप्रमुखाशी हस्तांदोलन आणि हातात पडलेला धनादेश यांतले अंतर आपण कमी लेखले, अशी कबुली खुद्द निग्रोपॉन्टी यांनी दिली. भारताने तो घेतला नाही. उरुग्वे व पेरूने घेतला. पेरूत आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली गेली, पण ३१९ शाळांच्या पाहणीत गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा, अशी रचना असली की यंत्र मंत्र्याला पसंत पडेल असे घडते. वापरणाऱ्याला काय हवे, हे फारसे कोणी विचारत नाही.

एएमडी कंपनीचा पर्सनल इंटरनेट कम्युनिकेटर हा स्वस्त संगणक २००४ मध्ये आला आणि दोनच वर्षांत गुंडाळला गेला. भारतातल्या ‘आकाश’ टॅब्लेटची (२०११) रड वेगळी होती. सरकारला तो सुमारे २,३०० रुपयांना पडे. पण ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर मंद, पडदा जोरात दाबावा लागणारा आणि बॅटरी लवकर संपणारी. गरीब गिऱ्हाईक कमी प्रतीचा माल निमूटपणे घेईल, हा समज अशा योजनांत वारंवार दिसतो. उलट ज्याला एकदाच खर्च करणे शक्य असते, तो वस्तू अधिक पारखून घेतो. गंमत अशी, की २००७ नंतर स्वस्त नेटबुक, म्हणजे छोटे लॅपटॉप, खपले खरे, पण बरेचसे घरी आधीच संगणक असलेल्यांकडे.

मोबाइल फोनच्या वाटेत हे अडथळे कमी आले. पैसे थोडेथोडे भरता येत, उपयोग पहिल्याच दिवशी कळे, आणि विकणाऱ्याला दर रिचार्जमागे काहीतरी सुटे. केनियात मार्च २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही पैसे पाठवण्याची सेवा साध्या फोनवरच चालली. वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांत १९९८ पासून संगणक केंद्रे उभी राहिली होती. प्रत्यक्षात शेतकरी तेथे मुख्यतः साखर कारखान्याशी असलेल्या आपल्या व्यवहाराचीच माहिती पाहत: उसाचे वजन, खत, बिल. पुढे काही गावांत संगणकाऐवजी एसएमएसवर ही माहिती देण्याचा प्रयोग झाला. त्यासाठी गावात संगणक लागत नव्हता. कारखान्याकडे एक पुरला.