पोलादी पाय (टेबल व बाकाचे)

टेबलाच्या किंवा बाकाच्या फळीखाली बसवण्यासाठी पोलादी सळई, पट्टी अथवा पोकळ नळी हाताने वाकवून व वेल्डिंगने जोडून केलेले आधार. टेबलाच्या पायाची उंची साधारणतः 71 सेंमी. व बाकाच्या पायाची 40 सेंमी. असते, वरच्या फळीची जाडी त्यात धरलेली नसते.

पोलादी पायांचा इतिहास नळीच्या खुर्चीपासून सांगण्याची प्रथा आहे. माक्स व राइनहार्ट मानेसमान या बंधूंनी 1885 च्या सुमारास बिनसांध्याची नळी करण्याची रीत शोधली. रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी 1925-26 मध्ये जर्मनीतील देसाऊच्या बाउहाउस या कला व रचना शिकवणाऱ्या संस्थेत वाकवलेल्या नळीच्या खुर्च्या केल्या. मागचे पाय नसलेल्या खुर्चीचा मान कोणाचा, यावर मात्र बराच वाद झाला. डच वास्तुरचनाकार मार्ट स्टाम यांची अशी खुर्ची 1927 मध्ये श्टुटगार्टच्या वायसनहोफ या गृहरचनेच्या प्रदर्शनात आली आणि 1932 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने कलाकृतीचा हक्क स्टाम यांचा ठरवला.

आज सर्वाधिक परिचित असलेला पाय अंबाड्यात खोचायच्या आकड्यासारखा दिसतो. त्याचे श्रेय व्हिएन्नात जन्मलेले व पुढे अमेरिकेत गेलेले रचनाकार हेन्री ग्लास यांना दिले जाते आणि काळ सामान्यतः 1941 च्या आसपासचा मानतात. युद्धकाळातील पोलादाच्या टंचाईमुळे हा आकार सुचला, असेही सांगतात. तथापि पीळ दिलेल्या तारेच्या पायांच्या खुर्च्या अमेरिकेतील आइस्क्रीमच्या दुकानांत विसाव्या शतकाच्या आरंभीच रुळल्या होत्या. त्यामुळे ग्लास यांना वाकवलेल्या सळईचे जनक म्हणण्यापेक्षा, तिला घरगुती टेबलाखाली स्वतंत्र, सुटा पाय म्हणून मान मिळवून देणारे म्हणणे अधिक योग्य वाटते.

वजन पेलणे ही या पायाची खरी कसोटी नव्हे. टेबल आडवे ढकलले की ते किती डुलते, ही आहे. गोल सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून 10 मिमी.ऐवजी 12 मिमी. सळई घेतली की तो दुपटीहून थोडा अधिक होतो. उलट, तेवढ्याच धक्क्याने होणारे विचलन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 40 सेंमी. उंचीला भक्कम वाटणारी सळई 71 सेंमी.ला सुमारे साडेपाच पट अधिक झुकते. बाकाला दोन सळयांचा पाय पुरतो आणि टेबलाला तीन सळयांचा घेतात, त्याचे कारण हेच.

सळई साच्यातील खुंटीभोवती थंडच वाकवतात. ती थोडी मागे उसळते, म्हणून हव्या कोनापेक्षा काही अंश जास्त वाकवावी लागते. वरच्या पट्टीला ती आधी वेल्डिंगचे लहान टाके मारून धरतात, गुण्या लावून पाहतात आणि मगच जोड भरतात. जोड एकाच बाजूने सलग भरला तर थंड होताना आकुंचन पावून पाय तिकडे ओढला जातो. चौघांपैकी एक पाय दोन मिलिमीटर आखूड झाला तरी टेबल डुगडुगते.

फळी हवेतील ओलाव्याने लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. यासाठी रुंद फळीखाली दोन्ही कडांपर्यंत जाणारी एकसंध चौकट असेल तर तिच्या पट्टीतील भोके लांबट ठेवून वॉशर घालतात. गोल भोकांत घट्ट आवळलेली फळी पुढे चिरते. चार सुटे पाय असल्यास ही अडचण बहुधा येत नाही.

गंजरोधासाठी पावडर कोटिंग (रंगाची भुकटी फवारून व भाजून केलेला थर) किंवा मेण वापरतात. ओकच्या लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याचा उघड्या पोलादाशी ओल्या जागी संपर्क आला तर निळसर काळे डाग पडतात.