चारशे किलोमीटरवरची हवा मोजायची कशी?

‘अंतराळात हवा नसते’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की फेब्रुवारी 2022 मधली ती बातमी अनेकांना बुचकळ्यात टाकून गेली. स्पेसएक्सने सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळपास चाळीस काही दिवसांत खाली येऊन जळाले. कारण हवाच! सौर वादळामुळे वातावरणाचा वरचा थर तापून फुगला आणि सुमारे 210 किलोमीटरवर नुकत्याच पोचलेल्या उपग्रहांना होणारा विरोध आधीच्या उड्डाणांपेक्षा 50 टक्क्यांपर्यंत वाढला.

चारशे किलोमीटरवर एका घन किलोमीटरमध्ये जेमतेम काही ग्रॅम हवा असते. पण उपग्रहाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, आणि विरोध वाढतो वेगाच्या वर्गाने. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकसुद्धा महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली येतं आणि त्याला पुन्हा वर ढकलावं लागतं.

ही घनता मोजायची जुनी रीत म्हणजे उपग्रहाची कक्षा किती आक्रसते ते बघत बसणं. 1957 च्या स्पुटनिकपासून ती चालत आली आहे. पण त्यातून मिळते ती सरासरी. वादळात तासातासाला काय बदललं, ते कळत नाही.

त्यावरचा तोडगा मला फार आवडतो. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या चॅम्प आणि ग्रेस या उपग्रहांच्या पोटात, त्यांच्या गुरुत्वमध्यापाशी, टायटॅनियमच्या मिश्रधातूची एक छोटी वडी बंद पेटीत तरंगत ठेवलेली होती. भिंतींना तिचा स्पर्श नाही. विद्युतभार साचू नये म्हणून फक्त एक अतिशय बारीक सोन्याची तार. आता गंमत बघा. गुरुत्वाकर्षण उपग्रहाला आणि वडीला सारखंच ओढतं, म्हणजे त्याने दोघांत अंतर पडत नाही. हवा मात्र फक्त बाहेरच्या कवचावर आदळते. कवच मागे रेंगाळतं, वडी पुढे सरकू पाहते. ब्रेक लागलेल्या बसमधल्या उभ्या प्रवाशासारखी. भिंतींवरचे इलेक्ट्रोड लगेच विद्युतदाब बदलून तिला मध्यावर आणतात. त्यासाठी किती विद्युतदाब लागला, तेच मोजमाप! आणि हे मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, केवढं? तेवढ्याच बळाने दिवसभर ढकलत राहिलं, तरी वेगात सेकंदाला फार तर काही सेंटीमीटरचाच फरक पडेल.

पण मंदन म्हणजे घनता नव्हे. आधी सूर्यप्रकाशाचा दाब वजा करायचा, पृथ्वीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा वजा करायचा. उरलेल्याच्या दुपटीला भागायचं वेगाच्या वर्गाने, क्षेत्रफळ-वस्तुमानाच्या गुणोत्तराने आणि विरोध-गुणांकाने (हवा उपग्रहाला किती अडवते ते सांगणारा आकडा). हा गुणांक साधारण 2.2 धरतात, पण तो ठरतो ऑक्सिजनचे सुटे अणू पृष्ठभागावर आपटून कसे उडतात यावर: आरशावरच्या किरणासारखे, की क्षणभर चिकटून, पृष्ठभागाचं तापमान घेऊन, वाटेल त्या दिशेला. तिथे अंदाज चुकला, तर वडीने कितीही अचूक मोजलं असलं तरी घनता त्याच प्रमाणात चुकते.