जुन्या गाडीचं कार्पेट: काम मे महिन्यात काढा

नागपुरात जुन्या गाडीचं कार्पेट धुवायची आठवण लोकांना पोळा-गणपतीच्या तोंडावर होते. पावसाने गाडीत कुबट वास भरलेला असतो, पाहुणे यायचे असतात आणि वॉशिंग सेंटरवाला शाम्पू मारून द्यायला तयारच असतो. गाडी संध्याकाळी चकाचक होऊन येते, चार दिवस सुगंध दरवळतो आणि मग आधीपेक्षा जास्त वास सुटतो. बिचाऱ्या शाम्पूला उगाच बोल लागतो. खरी गोम असते कार्पेटच्या खाली, पत्र्याला चिकटून पडलेल्या नमद्यात.

नमदा म्हणजे ज्यूटचा किंवा कापडी चिंध्यांचा दाबून केलेला जाड थर. इंजिनाचा आवाज आणि सायलेन्सरची धग अडवायला तो घातलेला असतो, आणि ते काम तो चोख करतो. पण पाणी प्यायलाही तो तितकाच तयार. 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 65 टक्के आर्द्रता असताना ज्यूट नुसत्या हवेतून स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 13 ते 14 टक्के पाणी ओढून घेतं. कार्पेटच्या कृत्रिम धाग्यांपैकी नायलॉन घेतं 4 टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ काहीच नाही. ही झाली हवेतल्या वाफेची गोष्ट. प्रत्यक्ष पाणी सांडलं तर नमदा कूलरच्या ताटीसारखा निथळेपर्यंत भरतो. ताटीतून निदान वारा तरी खेळतो. नमद्याच्या वर कार्पेट आणि खाली पत्रा, वाफ जाणार कुठून? ओल एक-दोन दिवसांत हटली नाही की बुरशी हातपाय पसरायला लागते. कुबट वास तिचाच.

वास सहन करता येतो, पत्रा सडला की खिसा रिकामा होतो. आणि तो सडतो जरा चमत्कारिक पद्धतीने. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक एव्हान्स यांनी 1920च्या दशकात लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवलं होतं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मधोमध पोचत नाही. साहजिकच वाटेल की जिथे ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त. होतं उलटं. ऑक्सिजन कमी असलेल्या मधल्या भागातलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागतं आणि ते इलेक्ट्रॉन कडेचा ऑक्सिजन उचलतो. एकाच थेंबात छोटी बॅटरी तयार होते. ओला नमदा पत्र्यावर दाबून बसला की नेमकं हेच घडतं: त्याच्या पोटाखाली, हवा न पोचणाऱ्या जागी खड्डे पडत जातात आणि उघड्या कडांना फारसं काही दिसत नाही. म्हणून सीटजवळ कार्पेटचं टोक उचलून ‘पत्रा ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सीट काढा, कार्पेट पूर्ण गुंडाळा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोकत जा. धड पत्रा खणखणतो. सडलेला भद्द आवाज करतो, कधी कधी आत खरखर ऐकू येते. पत्र्याला चिकटवलेल्या डांबरी पट्ट्यांना तडे गेले असतील तर तिथे जास्त वेळ द्या, कारण पाणी त्या तड्यांतून खाली शिरतं आणि मग बाहेर यायचं नाव घेत नाही.

आता हे पाणी येतं कुठून? सगळे पावसाला दोष देतात. पुढच्या काचेचं रबर उन्हाने कडक होऊन आकसतं, दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा फाटतो, वायपरखालच्या जाळीत कडुलिंबाची पानं साचून पाणी तुंबतं. हे सगळं खरंच आहे. पण डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या पायाखाली स्वच्छ पाणी दिसलं तर आधी एसीची नळी तपासा. एसीच्या थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते नळीतून गाडीखाली पडायला हवं. नळी तुंबली की ते आत झिरपतं. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत असं पाणी थोडंच निघतं, जुलैत भरपूर. त्यामुळे बिघाड उन्हाळ्यातला असला तरी उघडकीला पावसाळ्यात येतो आणि आळ काचेच्या रबरावर जातो. ओल बोटांना बुळबुळीत लागली आणि वास गोडसर आला, तर ते हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. ही गळती मिटवल्याशिवाय नवं कार्पेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, आणि इथे तर शब्दशः.

23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या पाण्यात गेल्या. तसल्या पाण्यात गटाराचा मैला मिसळलेला असतो. त्यात भिजलेला नमदा धुवून वापरण्याचा लोभ धरू नये. तो फेकायचाच.

पत्रा उघडा पडलाच आहे तर गंज तारेच्या ब्रशने खरवडा, उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं औषध) लावा, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. दुकानदार विचारतो, ‘भाऊ, नमदा टाकू की फोम?’ माझं मत फोमच्या बाजूने आहे, पण बंद पेशींच्या फोमच्या. त्याचा प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असल्याने पाणी आत शिरत नाही. साधा स्पंज मात्र नमद्याहून वाईट. आणि फोम पत्र्याला कडेपासून कडेपर्यंत सोल्यूशनने चिकटवू देऊ नका. पुढेमागे पाणी शिरलंच तर तो उचलून पुसता आला पाहिजे.

कार्पेट निवडताना दुकानात ‘नायलॉन आहे साहेब’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. खरं-खोटं घरी कळतं. कार्पेटचे दोन-चार धागे कापा, मागचं रबर लागलेलं नको. पाण्याच्या ग्लासात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घालून त्यात ते चिमटीने बुडवा आणि चिकटलेले बुडबुडे झटका. धागे वर आले तर पॉलिप्रॉपिलीन, कारण त्याची घनता 0.9च्या आसपास, पाण्याहून कमी. बुडाले तर दुसऱ्या ग्लासात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत ढवळा. या पाण्याची घनता 1.2 होते. नायलॉन 1.14चं, ते तरंगतं, पॉलिएस्टर 1.38चं, ते तळाला बसतं. धागा मिश्र असेल तर काही वर, काही खाली असंही दिसतं.

यातलं चांगलं कुठलं? पायाखाली रगडून घेण्यात नायलॉनचा हात कुणी धरत नाही. दबलेला धागा पुन्हा उभा राहतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, त्याचा रंग धागा ओततानाच मिसळलेला असतो म्हणून सहसा उडत नाही, पण ते लवकर चेपतं आणि 160-165 अंशांना वितळतं. सायलेन्सर जिथून जवळ जातो त्या भागावर ते टाकताना विचार करा. घरातल्या हॉलचं उरलेलं कार्पेट कापून गाडीत घालणाऱ्यांसाठी एकच सांगणं: गाडीच्या आतल्या कापडाने किती वेगाने पेटावं यालाही मर्यादा असते. अमेरिकेत ती मिनिटाला 102 मिलिमीटर आहे. हॉलच्या कार्पेटची ही परीक्षा झालेली नसते.

डागांचं बोलायचं तर आपल्याकडे तर्री-पोह्याचा डाग हा राजा. त्यात तेल आहे आणि तेलात विरघळलेली हळद. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ओल्या फडक्याने पुसलं की डाग फक्त पसरतो. साबण लावला की तो लालसर होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. घाबरायचं कारण नाही, अल्कलीत कर्क्युमिन रंग बदलतं एवढंच. आधी टिश्यू दाबून तेल टिपून घ्या, मग भांड्यांचं लिक्विड थोड्या पाण्यात घालून फडक्याने टिपत राहा, शेवटी उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. सूर्यप्रकाशात कर्क्युमिन तुटतं. नायलॉनवर ब्लीच मात्र नको, ते धागाच खातं. काळ्या मातीचा चिखल ओला असताना घासू नये. तिचे कण इतके बारीक असतात की धाग्यांच्या बुडाशी जाऊन बसतात. वाळू द्या, ब्रशने मोकळं करा, मग व्हॅक्यूम.

धुतल्यावर दुसऱ्या दिवशी डाग परत वर आला, ही तक्रार नेहमीची. वरचा धागा आधी वाळतो, खालचं पाणी त्यातून वर चढतं आणि तळाची घाण टोकाला आणून सोडतं. त्यावर उपाय साधा: पाणी कमी वापरा आणि ओल्या जागेवर कोरडं सुती कापड ठेवून त्यावर रात्रभर वजन ठेवा.

आणि वाळवणीचा हिशोब. मे महिन्यात दुपारी 42 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर हवेची आणखी वाफ घेण्याची भूक ऑगस्टमधल्या 28 अंश, 85 टक्क्यांच्या दिवसापेक्षा दहापटीहून जास्त असते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, आपल्याला नकोसा वाटतो, पण एवढं मोठं फुकटचं ड्रायर दुसरं मिळणार नाही. फक्त साच्यात दाबून गाडीच्या आकाराचं केलेलं कार्पेट गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर टाकू नका. पॉलिएस्टर 70-80 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि दोरीवर दुमडलेलं असेल तर तसंच बसतं. मग गाडीच्या खाचखळग्यांत ते नीट बसत नाही. सावलीत आडवं पसरा आणि पंखा लावा. कूलर नको, तो वाफच सोडत असतो.

परत बसवताना फ्लोअरमधली रबरी बुचं जागेवर आहेत ना बघा आणि ड्रायव्हरकडची मॅट हुकात अडकवा. 2009 साली अमेरिकेत टोयोटाला सुमारे 38 लाख गाड्यांसाठी इशारा द्यावा लागला होता, कारण सरकलेली मॅट अ‍ॅक्सिलरेटरला अडकू शकत होती. जाड नवं कार्पेट टाकल्यावर तिन्ही पेडल पूर्ण खाली दाबून, सोडून पाहा. कुठेही घासत असेल तर तेवढा भाग कापून घ्या.