फॅमिली डॉक्टर नसतानाचा दवाखाना (पुणे)

घरचे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी गेलेले असतात, स्वतः आजारी असतात किंवा त्यांच्या दवाखान्याची वेळ संपलेली असते. अशा वेळी रुग्णाला दुसऱ्या, बहुधा अनोळखी डॉक्टरकडे आयत्या वेळी दाखवावे लागते. परदेशात यासाठी ‘वॉक-इन क्लिनिक’ नावाची वेगळी व्यवस्था आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००० साली अशी केंद्रे सुरू केली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात बरीच कुटुंबे एका डॉक्टरकडे नोंदवलेली असतात आणि त्याला सोडून अशा केंद्रात जाणे हा अपवाद समजला जातो. पुण्यात सहसा कोणीही कोणत्याही डॉक्टरकडे असे नोंदवलेले नसते. इथला जवळपास प्रत्येक छोटा दवाखाना वेळ न घेताच चालतो. जायचे, नंबर लावायचा आणि बाकावर बसायचे. त्यामुळे पुणेकराला दार शोधावे लागत नाही. कोणत्या तक्रारीसाठी कोणत्या दारात जायचे आणि जाताना सोबत काय न्यायचे, हे मात्र त्याला स्वतःच ठरवावे लागते.

जुन्या पेठांत, कोथरूड-सहकारनगरसारख्या वस्त्यांत आणि आता सिंहगड रस्ता, वाघोलीपर्यंत फॅमिली डॉक्टर ही संस्था अजून टिकून आहे. अनेक दवाखान्यांत लाकडी खणात किंवा पत्र्याच्या ड्रॉवरमध्ये कुटुंबाच्या नावाने केस पेपर लावलेले असतात. एकाच कार्डावर आजोबांचा दमा, आईची थायरॉइडची गोळी आणि नातवाला सल्फाच्या औषधाने उठलेले पुरळ अशी तीन पिढ्यांची नोंद सापडते. कार्डावर न लिहिलेलेही पुष्कळ डॉक्टरांच्या डोक्यात असते. या बाईंचा रक्तदाब दवाखान्यात आल्यावर नेहमीच चढलेला दिसतो, हे काका दुखणे अंगावर काढतात, या मुलाचा ताप दर वेळी घशातूनच सुरू होतो, हे त्यांना माहीत असते. डॉक्टर गावाला गेले की औषधांची अडचण होत नाही, ती कुठेही मिळतात. त्या दिवसापुरती रुग्णाची ही आठवण मात्र हाताशी नसते.

असे प्रसंग ठरावीक वेळांना येतात. पुण्यातले बहुतेक खासगी दवाखाने सकाळी आणि संध्याकाळी चालतात, दुपारी बंद असतात. रविवारी संध्याकाळी तर बहुतेक ठिकाणी कुलूपच असते. मे महिना आणि दिवाळी हा डॉक्टरांच्याही सुटीचा काळ. गणेश विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता आणि आजूबाजूचे रस्ते मिरवणुकीसाठी बंद असतात, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि पेठांतल्या लोकांना स्वतःच्या डॉक्टरांपर्यंत पोचणेही जमत नाही. वयस्कर आई-वडील पेठेत आणि मुले परदेशात असतील, तर त्या दोन दिवसांची व्यवस्था आधीच करून ठेवलेली बरी.

पहिला पर्याय डॉक्टरांनीच सुचवलेला असतो. सुटीवर जाताना बरेच डॉक्टर दारावर ‘अमुक तारखेपर्यंत बाहेरगावी’ अशी पाटी लावतात आणि खाली जवळच्या एखाद्या सहकाऱ्याचे नाव लिहितात. काही जण बदली डॉक्टर बसवून जातात. बदली डॉक्टर बसलेले असतील तर तिथेच जाणे सर्वांत चांगले, कारण केस पेपर त्याच खणात असतो आणि कंपाउंडर तो काढून देतो. दवाखाना पूर्ण बंद असेल तर आधी फोन करून पाहावा. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरध्वनीवरून व व्हिडिओवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. त्यांनुसार आधी तपासलेल्या रुग्णाला फोनवर देता येणाऱ्या औषधांची यादी अनोळखी रुग्णाच्या यादीपेक्षा मोठी आहे. म्हणून अनोळखी डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलपेक्षा आपल्या डॉक्टरांचा पाच मिनिटांचा फोन अधिक उपयोगी पडतो. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ या सेवेवरूनही घरबसल्या सल्ला मिळतो. पोट दाबून पाहायचे असेल किंवा छातीला स्टेथोस्कोप लावायचा असेल, तर मात्र समोर जाण्याला पर्याय नाही.

प्रत्यक्ष जाण्यासाठी आसपासचे जनरल प्रॅक्टिशनर, पॉलिक्लिनिक आणि मोठ्या खासगी रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. पुणे महापालिकेचे दवाखाने शहरभर आहेत आणि मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय हे तिचे मोठे रुग्णालय. पुणे स्टेशनजवळचे ससून रुग्णालय १८६७ पासून चालू आहे आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. औंधचे जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे आहे. या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. राज्यभर उघडलेले ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ हे केंद्र संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांच्या सोयीचे ठरावे, असा त्यामागचा हेतू होता. पुण्यातला मध्यमवर्ग महापालिकेच्या दवाखान्याकडे सहसा फिरकत नाही. ताप, जखमेची मलमपट्टी, रक्तदाब मोजणे, लसीकरण अशा कामांसाठी तो दवाखाना टाळण्यासारखे काही नाही.

आता अनोळखी डॉक्टरसमोर काय होते ते पाहू. रविवारी रात्री साडेआठला एक आजी सुनेबरोबर आल्या आहेत. डॉक्टर विचारतात, “आजी, कोणत्या गोळ्या चालू आहेत?” आजी पिशवीतून एक पट्टी काढतात. पट्टी कापलेली आहे, मेडिकलवाल्याने चारच गोळ्या सुट्ट्या दिल्या होत्या. औषधाचे नाव आणि मुदत ज्या टोकाला छापलेली होती, ते टोक दुकानातच राहिले. “ही पांढरी बीपीची, आणि ही छोटी रक्त पातळ करायची,” असे आजी सांगतात. पांढऱ्या, छोट्या गोळ्या शेकडो असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही अनेक प्रकारच्या आहेत आणि त्यांतल्या काहींबरोबर साधी अंगदुखीची गोळी दिली तरी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. इतका सगळा निर्णय त्या कापलेल्या टोकावर अडतो. घरातल्या वयस्कर माणसाच्या गोळ्यांची पूर्ण पाकिटे समोर मांडून एक फोटो मोबाइलमध्ये ठेवला, तर ही अडचण उरत नाही. त्यासोबत कोणत्या औषधाचा त्रास होतो, शेवटचा साखरेचा रिपोर्ट आणि जुना ईसीजी एवढे असले तरी अनोळखी डॉक्टरला कामापुरती ओळख पटते.

लहान मुलांच्या बाबतीत घोटाळा वेगळा होतो. तापावरचे पॅरासिटामॉलचे सिरप बाजारात किमान दोन शक्तींचे मिळते. एकात ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात २५०. मुलाला एका वेळी दर किलो वजनामागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅम औषध लागते. नवे डॉक्टर “पाच एमएल द्या” म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाटली असते आणि घरातल्या फ्रिजवर कदाचित दुसरी. मग डोस दुप्पट होतो किंवा निम्मा. म्हणून बाटलीच सोबत न्यावी आणि मुलाचे वजन सांगावे. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधातही बहुतेकदा पॅरासिटामॉल असते, हेही विचारून घ्यावे.

पावसाळ्यात आणि त्यानंतर पुण्यात डेंग्यूचा ताप असतो. अनोळखी दवाखान्यातली चूक इथे महागात पडते. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ या रक्ताच्या तपासणीने निदान होते. धोका बहुधा ताप उतरत असताना सुरू होतो. पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणे ही त्याची लक्षणे. रुग्णाला मात्र ताप उतरला म्हणजे आजार गेला असे वाटते. तो पुन्हा दवाखान्यात जात नाही, किंवा वेगळ्याच डॉक्टरकडे जातो आणि त्यांना आधीच्या तीन दिवसांची कल्पना नसते. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नये. ताप पहिल्यांदा कोणत्या दिवशी आला, हे प्रत्येक नव्या डॉक्टरला तारखेसह सांगावे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. या आजारात अनेकांना आधी जुलाब होतात आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊन ताकद जाऊ लागते. जुलाबाला एका दवाखान्यात गोळ्या घेतल्या, मुंग्यांना दुसऱ्या दवाखान्यात जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, असे दोन अनोळखी डॉक्टर झाले तर हा धागा जुळायला वेळ जातो. दोन्ही वेळा एकच डॉक्टर असते तर त्यांनी स्वतःहून विचारले असते. म्हणून मागच्या महिनाभरात जे झाले ते क्षुल्लक वाटले तरी सांगावे.

काही तक्रारी घेऊन अशा दवाखान्यात जाऊच नये. छातीत दाटल्यासारखे दुखणे, घाम, श्वास न पुरणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय न हलणे, बोलणे अडखळणे, या वेळी कॅज्युअल्टी म्हणजे तातडीचा विभाग असलेले मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. छोट्या दवाखान्यात नंबर लावून बसलेला अर्धा तास त्यातूनच जातो. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करावेत, कागदपत्रांचे सोपस्कार नंतर पाहावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. कुत्रा चावला असेल तर जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवावी आणि पालिकेचे किंवा सरकारी मोठे रुग्णालय गाठावे. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावे लागते आणि ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात असेलच असे नाही.

अनोळखी दवाखान्यात पाटी वाचण्याची सवय असावी. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांना लागू होतो. नुसती तपासणी करणारा एका खोलीचा दवाखाना त्याखाली येत नाही. म्हणून डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहणे हीच रुग्णाच्या हातातली खात्री. २००२ च्या आचारनियमांनुसार हा क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायला हवा. चिठ्ठी न लिहिता पुडीतून सुट्ट्या गोळ्या देणाऱ्या दवाखान्यात “काय दिले ते लिहून द्या” असे सांगायला संकोचू नये. उद्या आपल्या डॉक्टरांना दाखवायला तेवढाच कागद असणार आहे.

“एक इंजेक्शन द्या ना, उद्या ऑफिस आहे,” ही मागणीही अशाच दवाखान्यांत जास्त होते. एकदाच भेटणारा रुग्ण आणि एकदाच भेटणारा डॉक्टर, दोघांनाही लगेच आराम हवा असतो. नेहमीचे डॉक्टर “दोन दिवस वाट पाहू” म्हणू शकतात, कारण दोन दिवसांनी रुग्ण त्यांच्याकडेच येणार असतो. लगेच आराम देण्याच्या घाईतूनच विषाणूच्या तापालाही अँटिबायोटिक दिले जाते. यातली बरीच प्रबळ औषधे मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराला त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. दिलेले अँटिबायोटिक कशासाठी आणि किती दिवस, एवढे दोन प्रश्न रुग्णाने विचारले तरी बरेच काही सुधारते.

घरचे डॉक्टर परतल्यावर मधल्या दिवसांची चिठ्ठी, रिपोर्ट आणि उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यांच्याकडे न्याव्यात, बरे वाटत असले तरी. ते कार्ड काढतात, तारीख टाकतात, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले औषध एका ओळीत लिहून घेतात आणि चिठ्ठी मागे टाचून ठेवतात.